आर्क्टिकमधला किनारा इतक्या स्पीडने का ढासळतोय? आणि त्यात कार्बनचा काय संबंध?

कारण बऱ्याच ठिकाणी तो किनारा दगडाचा नाहीच्चे, गोठलेला चिखल आणि बर्फ, बस. अलास्कातलं ड्रू पॉइंट घ्या, तिथे वर्षाला 15-20 मीटर किनारा जातो, म्हणजे एका वर्षात दीड-दोन बसच्या लांबीएवढी जमीन गायब. होतं काय, की आधी समुद्रावर बर्फ असायचा तो लाटा अडवायचा, आता तो लवकर वितळतो, मग खारं आणि त्यातल्या त्यात कोमट पाणी कड्याच्या पायथ्याला खोबण पाडतं, वरचा भाग लटकत राहतो आणि आत बर्फाच्या ज्या उभ्या पाचरी असतात तिथून तडकून घराएवढं ढेकूळ धाडकन पाण्यात. थोड्याच दिवसात ते पण विरघळतं, की पुढचा कडा परत उघडा.

आता कार्बन. त्या मातीत हजारो वर्षांपूर्वीची मुळं, शेवाळ वगैरे गोठून पडलंय, ते वितळलं की लाईट गेल्यावर फ्रीजरमधले मटार कसे नासतात तसंच, बॅक्टेरिया कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवा नसेल तिथे मिथेन. पर्माफ्रॉस्टमधे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या अशा जमिनीत, एकूण साधारण 1,400 ते 1,600 अब्ज टन कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट! पण व्हॉट्सॲपवर फिरतं तसा एकदम 'मिथेन बॉम्ब' फुटणार नाहीये, हे दशकानुदशकं हळूहळू चालणार, किनाऱ्यावरचा काही कार्बन तर समुद्रतळाशी परत गाडला जातो.

माणसांचं मात्र हळूहळू नाही. अलास्कातल्याच न्यूटॉक गावाची जमीन नदीने खाल्ली, 2019 पासून लोक मर्टारविक या नव्या गावी शिफ्ट होऊ लागले.