घरच्या डिटेक्टरवरचा मोठा पल्स लोखंडाचा असतो का?

तुमचा प्रश्न असा: सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या, पट्टीवर अधूनमधून खूप मोठा पल्स येतो, तो वैश्विक किरणांतल्या लोखंडाच्या केंद्रकाचा मानावा का? नाही. मूळ किरण हवेत कित्येक किलोमीटर वरच फुटतो आणि तुमच्यापर्यंत पोचतात ते बहुतेक म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण. एक सेंटिमीटर जाड प्लॅस्टिकमध्ये सरळ खाली आलेला म्यूऑन साधारण 2 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जा सोडतो. तिरका आला की वाट लांबते, पल्सही वाढतो.

पण तुमची कल्पना मुळात पक्की आहे, फक्त पट्टी वातावरणाच्या वर हवी. सारख्या वेगाच्या केंद्रकांनी सोडलेली ऊर्जा विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रोटॉनचा 1 धरला तर हेलियमचा 4, कार्बनचा 36 आणि लोखंडाचा चक्क 676! अवकाश स्थानकावरचा एएमएस-02 हा डिटेक्टर 2011 पासून याच तत्त्वावर केंद्रकं ओळखतोय. त्यात खरी कसोटी बोरॉनची. तारे बोरॉन जवळजवळ बनवतच नाहीत. किरणांतला बोरॉन येतो तो कार्बन-ऑक्सिजनची केंद्रकं आंतरतारकीय वायूवर आपटून फुटल्यामुळे. म्हणून बोरॉन-कार्बनच्या गुणोत्तरावरून किरणांनी वाटेत किती वायू ओलांडला ते कळतं. पंचाईत अशी, की कार्बन डिटेक्टरच्या आतसुद्धा फुटून बोरॉन होऊ शकतो. त्यामुळे विद्युतभार एकदा मोजून भागत नाही. सिलिकॉनच्या थरांत वरपासून खालपर्यंत मोजतात आणि मध्येच बदलला तर ती नोंद वेगळी काढतात. मला या प्रयोगातलं सगळ्यात देखणं काम हेच वाटतं.

10 चा 15 वा घात इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे किरण इतके विरळ होतात की अवकाशातला डिटेक्टर अपुरा पडतो. मग किरण हवेत फुटल्यावर खाली कोसळणारी कणांची सर जमिनीवरून मोजायची. लोखंडाचं केंद्रक म्हणजे जणू 56 कण, प्रत्येकाकडे ऊर्जेचा छप्पन्नावा हिस्सा. म्हणून त्याची सर वरच फुलते आणि म्यूऑन जास्त देते. उटीच्या ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या प्रयोगात यासाठी सिंटिलेटरांच्या जोडीला 560 चौरस मीटरचा स्वतंत्र म्यूऑन डिटेक्टर आहे. तरीही एकट्या सरीवरून खात्रीनं नाव सांगता येत नाही, प्रमाण काढायला हजारो सरी लागतात.

तुम्ही आता एकच करा. दोन पट्ट्या अर्धा मीटर अंतरानं एकावर एक ठेवा आणि दोन्हींत एकाच क्षणी आलेले पल्सच मोजा. तिरके कण गळतील, पल्सच्या आकारांच्या आलेखाचं शिखर टोकदार होईल. उजवीकडे लांब शेपूट मात्र उरेलच. पातळ थरात ऊर्जा कमीजास्त सुटते म्हणून ती येते. तिलाही लोखंड समजू नका.