स्पर्धा परीक्षेतला इंग्रजीचा पेपर : नेमके मार्क कुठे जातात?

प्रश्न : व्याकरणाचे नियम पाठ आहेत, तरी वाक्यातली चूक सापडत नाही. असे का?

कारण चुकीचे वाक्य मराठी कानाला बरोबर वाटते. आपण विभक्ती प्रत्ययांच्या आणि शब्दयोगी अव्ययांच्या सवयीने इंग्रजी वाचतो. ‘तिच्याशी लग्न केले’ यातल्या ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ हर’ खटकत नाही; बरोबर आहे ‘मॅरीड हर’. ‘पुण्याला पोचलो’ म्हणून ‘रीच्ड टू पुणे’ चालून जाते, तिथे ‘टू’ नकोच. ‘विषयावर चर्चा’मुळे ‘डिस्कस ऑन’ होते. ‘डिस्कस’नंतर थेट विषय येतो. ‘पेक्षा’ दिसला की आपण ‘दॅन’ घालतो, पण ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘प्रीफर’ यांना ‘टू’ लागतो.

सर्वांत फसवा ‘पासून’. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ दोन्हीकडे आपला शब्द एकच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स मंडे’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर टू अवर्स’.

वहीची दोन पाने करा : डावीकडे मराठी प्रत्यय किंवा अव्यय, उजवीकडे त्याने चुकवलेली वाक्ये. आठवडाभरातच आपली चूक कोणत्या प्रत्ययाशी किंवा अव्ययाशी अडते ते दिसेल.

परीक्षेत मात्र आधी क्रियापद तपासा. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड’ यात ‘ऑफ द मँगोज’ बोटाने झाका. उरला कर्ता ‘क्वालिटी’, म्हणून ‘इज’. त्यानंतर काळ, मग प्रीपोझिशन (इंग्रजीतली शब्दयोगी अव्यये), शेवटी आर्टिकल.

प्रश्न : वाक्प्रचारांचा मराठी अर्थ लिहून पाठ करतो. पुरेसे आहे?

नाही, आणि कधी ते घातकही ठरते. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे! ‘पुट वन्स फुट डाउन’ म्हणजे ठामपणे नकार देणे किंवा हट्टाने अडून बसणे. ‘पाय रोवणे’ नव्हे. पर्यायांत शब्दशः अर्थ हमखास ठेवलेला असतो. ‘बरी द हॅचेट’ला ‘शस्त्र लपवणे’ दिसले तर आधी तोच पर्याय खोडा. अर्थ आहे वैर संपवून समेट करणे. प्रत्येक वाक्प्रचार स्वतःच्या एका इंग्रजी वाक्यात वापरून लिहा.

प्रश्न : शब्द चार दिवसांत विसरतो.

रोज दहाच शब्द घ्या. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी अर्थ झाकून स्वतःला विचारा. नुसते पुन्हा वाचले की ओळख वाढते, आठवण नाही. घटकावरून गट करा : शेवटी ‘साइड’ म्हणजे मारणे, म्हणून ‘होमिसाइड’, ‘रेजिसाइड’, ‘जेनोसाइड’ एकत्र.

प्रश्न : एसएससी सीजीएलच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची भरती परीक्षा) पहिल्या टप्प्यात शंका असेल तर प्रश्न सोडावा का?

इंग्रजीचे 25 प्रश्न, बरोबरला 2 गुण, चुकीला 0.50 वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर जरूर सोडवा : सरासरी 0.75 गुण पदरात पडतो.