गहू सोडण्याआधी रक्त तपासून घ्या

आरोग्य प्रश्नोत्तरे : पोट आणि पचन

प्रश्न : माझे वय 43 असून मी नागपुरात मानेवाडा भागात राहते. वर्षभरापासून जेवणानंतर पोट डब्ब होते, आठवड्यातून तीन-चार दिवस पातळ शौचाला होते आणि थकवा काही केल्या जात नाही. गुडघेदुखीसाठी मी डायक्लोफेनॅकची गोळी घेते. एका आहार केंद्रात रक्त तपासून मला ‘लीकी गट’ (म्हणजे ‘गळके आतडे’) असल्याचे सांगितले, गहू, दूध आणि तूरडाळ बंद करायला लावली व आतडे दुरुस्त करणारी महागडी पावडर दिली. गहू सोडल्यावर थोडे बरे वाटते. हा आजार खरा आहे का? पावडर पुढे चालू ठेवावी का?

उत्तर : लहान आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि त्यातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. शेजारच्या पेशी ज्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, ते सांधे कायमचे बंद नसतात; पाणी आणि क्षार त्यांतून ये-जा करतात आणि गरजेनुसार सांधे सैल किंवा घट्ट होतात. सन 2000 मध्ये अलेस्सिओ फसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सांधे सैल करणाऱ्या झोन्युलिन या प्रथिनाचे वर्णन केले, तेव्हापासून या विषयाची चर्चा वाढली. सीलिअ‍ॅक (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आणि क्रोन्स (आतड्याचा दीर्घकालीन दाह) या आजारांत, अतिमद्यपानात, तसेच जुलाबाच्या संसर्गानंतर पोट बिघडलेलेच राहिलेल्या काही रुग्णांत अस्तराची पारगम्यता (पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता) वाढलेली आढळते. त्यामुळे आपल्याला सांगितलेली गोष्ट सर्वस्वी काल्पनिक नाही. मात्र ‘लीकी गट’ हे वैद्यकात मान्य असलेले निदान नाही. पारगम्यता वाढली असेल तर ती कशामुळे, हा प्रश्न उरतोच, आणि तो त्या केंद्रात कोणी विचारलेला दिसत नाही.

आपण सोबत जोडलेला अहवाल पाहिला. त्यात ज्वारी, तूर, गहू, दूध आणि शेंगदाणे लाल चौकटीत आहेत, तर कॉड मासा आणि शतावरीचे विदेशी कोंब हिरव्या चौकटीत आहेत. या चाचणीत आयजीजी प्रतिपिंडे मोजली जातात, आणि ती मुख्यतः आपण एखादा पदार्थ खात आलो आहोत एवढेच सांगतात. विदर्भातल्या घरात ज्वारी आणि तूर ‘लाल’ येणार नाही तर काय येणार? अन्न न सोसण्याचे निदान या चाचणीवरून करू नये, असे अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना स्पष्टपणे सांगतात. बाजारात मिळणाऱ्या झोन्युलिन चाचण्यांचीही तीच गत आहे. त्यांपैकी काही संच भलतीच प्रथिने मोजतात, असे दिसून आले आहे. पारगम्यता खरोखर मोजायची तर लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करा पाण्यातून पाजून पुढचे काही तास लघवी गोळा करतात आणि दोन्हींचे प्रमाण पाहतात, परंतु ही पद्धत प्रामुख्याने संशोधनात वापरली जाते.

आता गव्हाविषयी, कारण आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. वर्षभर पातळ शौच आणि थकवा असताना सीलिअ‍ॅकची शक्यता तपासायलाच हवी. त्यासाठीची टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी, एकूण आयजीएसह, आहारात गहू चालू असतानाच भरवशाची ठरते. गहू बंद केला की प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत पोळी घेऊन मग ही चाचणी करावी. गहू सोडल्यावर बरे वाटले, यावरून ग्लुटेनच दोषी ठरत नाही. गव्हात आणि कांद्यात फ्रुक्टान नावाची शर्करा असते, डाळींमध्ये तशाच प्रकारची दुसरी. या दोन्ही मोठ्या आतड्यात आंबून गॅस होतो. दूध कमी केल्याने त्यातील लॅक्टोज ही शर्करा टळते, तोही फरक असू शकतो.

डॉक्टरांच्या याच भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, शौचाची साधी तपासणी आणि कॅलप्रोटेक्टिन (शौचातून आतड्याचा दाह ओळखणारी) या चाचण्यांविषयी विचारावे. शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा संध्याकाळचा बारीक ताप यांपैकी काहीही असेल तर थांबू नये, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजूनही आढळतो. डायक्लोफेनॅक लहान आतड्याच्या अस्तराला प्रत्यक्ष इजा करते. गुडघ्यासाठी दुसरा उपाय अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावा. पावडरीपेक्षा या गोळीकडे आधी पाहायला हवे होते, असे माझे मत आहे.

पावडरीच्या डब्यावर पहिला घटक ग्लुटामाइन (एक अमिनो आम्ल) लिहिला आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, संसर्गानंतर जुलाब सुरू राहिलेल्या आणि पारगम्यता मोजून वाढलेली सिद्ध झालेल्या रुग्णांना 5 ग्रॅम ग्लुटामाइन दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिल्यावर फायदा झाला होता. आपण त्या गटात बसता की नाही, हे निदानाशिवाय कळणार नाही. हे सांधे घट्ट करण्यासाठीच तयार केलेल्या लॅराझोटाइड या औषधाची सीलिअ‍ॅक रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणीही 2022 मध्ये थांबवावी लागली. तूर्त पावडर बंद ठेवावी.

प्रश्न : मी 24 वर्षांचा असून मॅरेथॉनच्या तयारीसाठी अंबाझरी परिसरात धावतो. एप्रिल-मेमध्ये लांब धावल्यावर पोटात कळ येते आणि जुलाब होतात. हेही तेच का?

उत्तर : काही अंशी होय. जोरात आणि दीर्घकाळ धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्याचा पुरवठा घटतो आणि शरीराचे तापमान चढले की अस्तराची पारगम्यता वाढते. मात्र हा परिणाम तात्पुरता असतो. नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास असताना सूर्योदयानंतर लांब धावणे हा हट्ट झाला. पहाटे निघावे, पाणी आणि मीठ दोन्ही घ्यावे आणि धावण्यापूर्वी आयब्युप्रोफेन घेण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण त्याने ही इजा वाढते.

प्रश्न : प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यावी की घरचे ताक पुरते? तर्री पोहे कायमचे बंद करावे लागतील का? (महाल, नागपूर)

उत्तर : अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये पचनाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही. ताक सोसत असेल तर खुशाल घ्यावे. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार करतात आणि तेथील पेशी मुख्यतः त्यावर पोसल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी अन्नातून रोज किमान 25 ग्रॅम तंतू सुचवले आहेत. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मोड आलेली मटकी आणि रस न काढता फोडीच्या पांढऱ्या सालीसकट खाल्लेले संत्रे यांतून तेवढे तंतू जमू शकतात, फक्त ते प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे, नाहीतर गॅस होतो. तर्रीचे म्हणाल, तर तिखटाने जळजळ होत असेल तर ती कमी घ्या. होत नसेल तर रविवारच्या एका प्लेटवर बंदी घालण्याचे कारण मला दिसत नाही.