रजेनंतरही न जाणारा शीण

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात आहे. दोन सहकारी नोकरी सोडून गेल्यापासून त्यांचेही काम माझ्याकडे आले आहे. पूर्वी एखादे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, रिजेक्ट झाले, की दोष वाळूचा की धातूच्या तापमानाचा, हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे. आता मी न वाचताच अहवालावर सही करतो. रात्री फोन वाजला की छातीत धडधडते, मुलांवर विनाकारण ओरडतो. दिवाळीत आठवडाभर रजा घेतली, पण रुजू झालो त्याच दुपारी पुन्हा तोच शीण. पत्नी डॉक्टरांकडे चला म्हणते. मी आळशी झालो आहे, की आजारी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आळसाचा विचार आधी मनातून काढून टाका. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती न वाचता केलेली सही, कारण ज्या कामात जीव होता त्यातूनच मन उठणे ही बर्नआउटची ठळक खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोग-वर्गीकरणात बर्नआउटला आजार न मानता कामाशी निगडित अवस्था म्हटले असून, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणामुळे गळून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे सांगितली आहेत.

रजेने अंगाचा थकवा गेला असेल. तिघांचे काम मात्र टेबलावर तसेच राहिले. म्हणून खरा उपाय कामाच्या वाटणीतच शोधावा लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ताण येतो’ एवढेच साहेबांना सांगितले, तर ‘सगळ्यांनाच येतो’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी आठवडाभर कोणत्या कामाला किती वेळ लागला याची नोंद ठेवा, ती त्यांच्यासमोर ठेवा आणि नवीन माणूस येईपर्यंत कोणते काम थांबवायचे, रात्रपाळीचे फोन कोणी घ्यायचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. एकट्याने ओढत राहिलात, तर माणूस कमी आहे हे कंपनीला जाणवणारच नाही.

पत्नीचे म्हणणेही ऐका. थायरॉइड, रक्ताची कमतरता, साखर, बी-१२ या कारणांनीही असाच थकवा येतो, शिवाय धडधडीची तपासणी व्हायलाच हवी. आणखी एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : मुलांबरोबर रंकाळ्यावर गेल्यावर किंवा शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा फुटबॉल सामना पाहताना मन रमते का? तिथेही काहीच गोड वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नैराश्याची शक्यता धरून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे झाल्याचा विचार आला, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना पत्नीला बरोबर न्या. तुमची झोप आणि चिडचिड यांविषयी त्या तुमच्यापेक्षा नेमके सांगू शकतील.