वाचकांचे प्रश्न : गळ टाकून बसण्याविषयी

गेल्या अंकात सुट्टीच्या दिवसाविषयी लिहिताना पूर्णा नदीच्या काठी गळ टाकून घालवलेल्या सकाळींचा मी जाता जाता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी लातूरला एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहतो. वय 43. दिवसभर थकबाकीदारांना फोन, संध्याकाळी वरिष्ठांचे फोन आणि रात्री झोपेतही फोन वाजल्याचा भास. दिवाळीनंतर एक मित्र मला धनेगावला मांजरा धरणाच्या पाण्यावर घेऊन गेला. चार तास गळ टाकून बसलो. एकही मासा लागला नाही. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. हा योगायोग म्हणायचा की गळ टाकल्याने खरोखरच ताण हलका होतो? पत्नी म्हणते, नुसतेच बसायचे तर घरी बसा.

उत्तर : योगायोग नाही, मात्र श्रेय माशांनाही देता येणार नाही, कारण ते आलेच नव्हते. आपल्या पत्नीचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही तेथूनच सुरू करावे लागते. घरी नुसते बसलेल्या माणसाच्या मनाला काही काम नसते, म्हणून ते फिरून फिरून थकबाकीच्या यादीपाशी येते. पाण्याकाठी बसलेल्या माणसाला मात्र एक काम असते, आणि ते इतके लहान असते की त्याचा भार वाटत नाही. माझ्या लहानपणी आम्ही ज्वारीच्या धाटातील भेंडाचा बोटभर तुकडा तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, बांधत असू. तो पाण्यावर अर्धा बुडून उभा राही. बारकी मासळी आमिष टोचू लागली की तो नुसता थरथरे आणि त्याच्याभोवती बांगडीएवढी वर्तुळे उमटत. रोहू लागला की तो थरथरत नसे, तिरपा होऊन एका दिशेने सावकाश चालू लागे आणि मग दिसेनासा होई. या दोन हालचालींतील फरक ओळखण्यासाठी डोळा तेथे ठेवावा लागतो, पण तो दटावून ठेवावा लागत नाही.

मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कपलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हिशेब, फोन, वाहनांची गर्दी यांत आपण लक्ष ओढून धरतो आणि ती शक्ती दमते. वाहते पाणी, हलणारी पाने, ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जाते, म्हणून दमलेल्या शक्तीला तेवढ्या वेळात विसावा मिळतो. याला मी पदरची एक साधी गोष्ट जोडतो. आमिषाच्या कणकेने बरबटलेल्या हातांनी फोन उचलता येत नाही. चार तास फोन न उचललेला दिवस आपण यापूर्वी केव्हा घालवला होता, हे एकदा आठवून पाहावे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. पुढच्या क्षणी काहीतरी लागेल, कदाचित लागणारही नाही, ही हुरहूर फोनलाही असते आणि गळालाही असते. फोन आपल्याला वारंवार का उघडावासा वाटतो त्याचे एक कारण हेच आहे. गळाच्या बाबतीत दोन झटक्यांमध्ये अर्धा-पाऊण तास जातो, एवढाच काय तो वाचवणारा भाग. नोकरीत असताना माझी एका आडगावी बदली झाली, तेव्हा मी प्रत्येक माशाचे वजन वहीत लिहू लागलो. वर्षभराने ध्यानात आले, की दोन किलोंहून कमी भरलेल्या दिवशी मी घरी चिडून परततो आहे. वही चुलीत गेली. आपल्या मित्राला फोटो काढून पाठवण्याची हौस असेल तर ती त्याच्यापाशीच राहू द्यावी.

वेळ म्हणाल तर उजाडताना आणि दिवस कलताना. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काठाजवळचे उथळ पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोठे मासे दुपारी खोल जातात. तेव्हा बारा वाजता डोक्यावर उपरणे टाकून बसण्यात शौर्य असेल, विश्रांती नाही. कटला वरच्या थरात चरतो आणि त्याचे तोंडही वरच्या बाजूला वळलेले असते, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. भेंडाखाली तंगूस किती सोडायचा हे त्यावरून ठरवता येते. आणि पहिला गळ टाकण्यापूर्वी तेथील मच्छीमार सहकारी संस्थेच्या माणसांना भेटून परवानगी घ्यावी. धरणातील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, ठेकेदार संस्था पदरचे पैसे घालून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिले, सोडते आणि काठावरच्या भोई कुटुंबांचे वर्ष त्या माशांवर जाते. आपली रविवारची करमणूक म्हणजे त्यांचा सोमवारचा बाजार असतो. रीतसर विचारले की ही माणसे सहसा नाही म्हणत नाहीत, उलट कोठे बसावे तेही सांगतात.

आपल्या पत्रातील झोपेतही फोन वाजल्याचे वाक्य मी दोनदा वाचले. गळाने एक रात्र झोप दिली, हे चांगलेच झाले. परंतु भूक, झोप आणि कामावरचे मन आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल तर त्यावर धरण हा उपाय नाही. शासनाची टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. वसुलीच्या कामात माणसे दिवसभर दुसऱ्यांची रडगाणी ऐकतात. आपले एकदा कोणाला तरी ऐकवण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आम्ही पैठणचे. आई माळकरी आहे, घरात मासा शिजत नाही. मी गळाने मासे धरतो आणि लगेच सोडून देतो. तरीही आईला ते रुचत नाही. ती म्हणते, “नाथांनी काशीहून आणलेली कावड गाढवाला पाजली, आणि तू पैठणात बसून करमणुकीसाठी जिवाला टांगतोस.” मासा सोडला तर पाप कसले, हे तिला कसे पटवून द्यावे?

उत्तर : पटवून देऊ नये. आईंचे म्हणणे अर्धे तरी खरे आहे, आणि ते अर्धे विज्ञानानेही उचलून धरले आहे. 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राऊट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे चेतातंतू असल्याचे दाखवून दिले. त्या जाणिवेला माणसाच्या अर्थाने वेदना म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे; पण माशाला काहीच कळत नाही, असे म्हणून हात झटकण्याची सोय आता राहिलेली नाही.

सोडलेला मासा जसाच्या तसा परत जातो, हाही आपला समज आहे. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचे रोगराईपासूनचे संरक्षण होय, आणि कोरड्या हाताने किंवा पंच्याने धरले की तो निघून येतो. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास थांबतो. सोडायचेच असेल तर गळाच्या टोकामागचा काटा पकडीने दाबून सपाट करावा, हात आधी ओले करावेत, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा. फोटोसाठी त्याला वर धरून हसत उभे राहू नये. गळ पोटात गेला असेल तर ओढाओढ न करता तंगूस तोंडाजवळ कापणे बरे. माझे स्वतःचे मत विचाराल तर ज्याच्या घरी मासा शिजतो त्याने पोटापुरता धरावा आणि थांबावे. ज्याच्या घरी शिजत नाही त्याने केवळ सोडण्यासाठी धरणे मला अवघडच वाटते. हे मत अनेक गळवाल्यांना मान्य होणार नाही, याची मला कल्पना आहे.

पावसाळ्यात तर सर्वांनीच हात आवरावा. रोहू, कटला, मृगळ यांचा विणीचा काळ तो, आणि मरळीचा संसार तर उघड्यावरच चालतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी तांबूस पिलांचा घोळका रांगोळीसारखा आकार बदलत फिरताना दिसला, तर त्याच्या खाली नर-मादी राखणीला आहेत असे समजावे. त्या वेळी मरळ गळाजवळ येणाऱ्या कशावरही धावून जाते, ती भुकेने नव्हे, पिलांसाठी. तिला धरले की त्या पिलांचा फडशा इतर मासे पाडतात.

माझ्या एका चुलत्यांनी माळ घातल्यानंतर गळ सोडला, पण नदीकाठ सोडला नाही. ते काठीला तंगूस आणि भेंड बांधत आणि गळाच्या जागी नुसता कणकेचा गोळा लावीत. मासे येत, भेंड नाचे, गोळा संपे, ते दुसरा लावीत. गाव त्यांना वेड्यात काढी. चुलते म्हणत, “मला जे पाहिजे ते भेंडात आहे, माशात नाही.” आपण हे करून पाहावे, आईंनाही सोबत नेता येईल. आपल्याला तर नाथसागर घराशेजारी आहे. हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात उथळ पाण्यात परदेशी बदके आणि कधी कधी रोहित पक्षीही उतरतात. त्याच कारणाने, जेथे अभयारण्याचे फलक आहेत तेथे वन विभागाच्या माणसांना विचारल्याशिवाय पिशवीतून गळ बाहेर काढू नये.

प्रश्न : मी जालन्यात शिक्षिका आहे. यजमान दर रविवारी पहाटे गळ घेऊन जातात ते दुपारी तीनला प्रसन्न होऊन परततात आणि चार-पाच मासे ओट्यावर ठेवून झोपतात. मासे साफ करणे, रांधणे, दोन्ही मुलांचा गृहपाठ, आठवड्याचे कपडे हे सर्व माझ्याकडे. त्यांचा ताण जातो म्हणे. मला वाटते, तो जात नाही, माझ्याकडे येतो. मी चुकीची आहे का?

उत्तर : ताई, आपण चुकीच्या नाही. हे पत्र यजमानांना दाखवण्यास माझी हरकत नाही, म्हणून पुढचे त्यांनाच उद्देशून लिहितो.

महाशय, जो धरतो तोच साफ करतो, ही नदीकाठची जुनी रीत आहे. माशाला राख चोळावी म्हणजे हातातून निसटत नाही. शेपटीकडून डोक्याकडे सुरीच्या पाठीने खवले काढावेत. पोट चिरताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, नाहीतर कालवण कडू होते. हे सर्व काठावरच, दगडावर बसून करावे, घाण पाण्यात टाकू नये, खड्ड्यात पुरावी आणि घरी फक्त धुतलेले तुकडे न्यावेत. पाच माशांना पाऊण तास पुरतो. तेवढा वेळ नसेल तर दोनच धरावेत.

एक रविवार आपला, एक ताईंचा, असे उघडपणे ठरवून टाका. ताईंनी त्यांच्या रविवारी काय करावे, हे मात्र आपण सुचवू नये. तिसऱ्या रविवारी मुलांना सोबत न्या. मुलांचा धीर तासाभरात संपतो, ती पाण्यात खडे मारू लागतात आणि मासे पळतात. त्या दिवशी मासा मिळणार नाही, हे धरूनच निघावे. पाण्याजवळ मुलांवरची नजर हटवू नये. धरणाचा आटलेला काठ वरून वाळलेला दिसतो, पण भेगाळलेल्या थराखाली गाळ असतो आणि मोठा माणूसही त्यात गुडघ्यापर्यंत रुततो.

प्रश्न : गेवराई तालुक्यात आमचे शेततळे आहे. त्यात रोहू-कटला सोडले आहेत. रोज संध्याकाळी अर्धा तास गळ टाकला की दिवसभराचा शीण उतरतो. अडचण दोन : कणकेचा गोळा पाण्यात पडताच गळावरून सुटतो, आणि घरचे म्हणतात तळ्याजवळ जाऊ नकोस.

उत्तर : घरच्यांचे आधी. शेततळ्यातील प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही; आपल्या भागात अशा तळ्यांत माणसे आणि मुले दगावली आहेत. चारही बाजूंना बांधावरच्या खुंट्यांना दोर बांधून ते गाठी मारून पाण्यात सोडावेत, हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवावी आणि एकट्याने बसू नये. मासा निसटला तर त्याच्यामागे उतारावर पाय टाकू नये. वळवाचे ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून घर गाठावे. बाजारातली काळी कार्बनची काठी विजेची चांगली वाहक असते आणि मोकळ्या शिवारात बांधावर उभा असलेला माणूस सर्वांत उंच ठरतो.

आता गोळा. कणीक घट्ट मळावी, त्यात शेंगदाण्याची किंवा करडईची पेंड भुकटी करून घालावी आणि चिमूटभर पिंजलेला कापूस तोडून त्यातच मळावा. कापसाचे धागे गोळ्याला आतून धरून ठेवतात आणि तो पंधरा-वीस मिनिटे सुटत नाही. बोराएवढाच करावा, मोठा नको. सरकी मात्र काढून टाकावी.