“भावाबरोबर काम करू का, मॅडम?”

मी सोलापुरात समुपदेशन करते. हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, आणि त्याच्यामागे दुसरा असतोच: “पुढे बोलणं तर बंद होणार नाही ना?” यंत्रमाग असो की चादरीचं दुकान, भावंडं एकत्र राबतात आणि आतल्या आत धुमसतात. त्यातली सिनेमावाली एक जोडी सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दादा स्वतःच्या हिमतीवर लघुपट करायचा. बहीण बँकेतली नोकरी सांभाळून एडिटिंग, हिशोब, युनिटचं जेवण सगळं बघायची. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत माइकचा दांडा धरून तीच उभी होती. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, “पोस्टरवर नाव दादाचं, आणि लाइटवाल्याचे उधारीचे फोन मला.”

दादाचं उत्तर तयार होतं. “हॉलिवूडच्या कोएन बंधूंचं बघा, जोएल आणि इथन. १९८४ पासून वीसेक वर्षं दिग्दर्शक म्हणून एकट्या जोएलचंच नाव लागायचं.”

“आणि इथनचं?”

“निर्माता म्हणून.”

मी कागद पुढे केला. “तुमच्या फिल्मची श्रेयनामावली आठवून लिहा.”

लेखक, दिग्दर्शक, निर्माता, तिन्हीकडे त्याचंच नाव. बहीण ‘विशेष आभार’मध्ये, गाडी देणाऱ्या मित्राच्या खाली.

“अहो, ती घरचीच आहे.”

“दादा, एफडी माझी मोडली होती,” ती म्हणाली.

तो बराच वेळ कागद बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्या कारखान्याच्या पाटीवरही बाबांचंच नाव होतं. काका हयातभर मागावर उभे होते.”

गाठ सुटली ती इथे. मी वर्षानुवर्षं हेच मानत आले आहे: घरात कुणी किती मिरवायचं आणि कुणी किती निस्तरायचं हे ठरलेलं असतं, आणि माणूस तेच कामावर घेऊन येतो. त्याने ते स्वतःच्या तोंडून ओळखलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मी सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता.

म्हणून सांगते, श्रेय, पैसा आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे शूटिंगआधी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्मात्यालाच मानलं आहे, तेव्हा ते नाव नुसतं मानापानाचं नाही. आईवडिलांना पंच करू नका. एखादं काम एकट्याने करावंसं वाटलं तर ती फारकत समजू नका. कोएन बंधूंनी २००४ पासून दिग्दर्शक म्हणून दोघांची नावं लावली आणि पुढे वेगवेगळे चित्रपटही केले.

नव्या फिल्मची निर्माती बहीण आहे. शेवटचा कट कुणाचा, यावर मात्र अजून जुंपते. त्यासाठी दोघं पुन्हा येणार आहेत.