अकरावीचे विषय: वडिलांनी कुठवर शिरावे?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पर्यवेक्षक असलेल्या एका पालकांचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

«माझी मुलगी सेमी-इंग्रजीतून दहावी झाली. ८८.४० टक्के मिळाले. विज्ञानात ९२ आहेत, गणितात मात्र सर्वांत कमी, ७१. तिने पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) घेऊन इंजिनिअर व्हावे असे मी ठरवले आणि कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये इंटिग्रेटेडच्या (कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या) बॅचसाठी वीस हजार रुपये भरून जागाही धरली. ती म्हणते, जीवशास्त्र हवे, गणित नको. निफाडजवळ तिच्या मामांची द्राक्षबाग आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन ती पानांवरच्या रोगांची वही करत बसते आणि कृषी पदवीला जायचे म्हणते. आमच्या वादानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलत नाही. पत्नीचे मत, चारही विषय घ्यावेत म्हणजे दोन्ही दारे उघडी राहतील. पसंतीक्रम भरायला सहाच दिवस उरले आहेत. मुलांच्या विषयनिवडीत आईवडिलांनी कुठवर शिरावे?»

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी सहा दिवसांच्या मुदतीविषयी सांगतो, कारण घरातला निम्मा ताण त्या मुदतीमुळे आलेला दिसतो. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेश अर्जात आपण जे दहापर्यंत पसंतीक्रम देता, ते महाविद्यालय आणि शाखा यांचे असतात. गणित की जीवशास्त्र, हा निर्णय महाविद्यालय मिळाल्यावर प्रत्यक्ष प्रवेश घेताना तेथील विषयांच्या अर्जावर करायचा असतो. विज्ञान शाखेविषयी आपल्या घरात दुमत नाही. म्हणजे या सहा दिवसांत गणिताचा निकाल लावण्याची गरजच नाही. फक्त हे पाहायचे आहे की ज्या महाविद्यालयांची नावे आपण लिहिणार, तिथे गणित सोडणाऱ्याला त्याऐवजी कोणता विषय मिळतो. ही चौकशी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊनच करावी, कारण कुठे भूगोल असतो, कुठे आणखी काही, आणि कुठे पर्यायच नसतो. अनेकांना वाटते की गणित सोडले म्हणजे एक विषय कमी झाला. तसे होत नाही. बारावीला सहा विषय असतातच, त्या रिकाम्या जागी दुसरा विषय येतो. क्रम लावतानाही सावध राहावे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून घरापासूनचे अंतर, बस आणि विषयांचे पर्याय पाहिल्याशिवाय केवळ नावासाठी कोणतेही महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहू नये.

दुसरी गोष्ट गुणांची. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते. मुलीला गणितातच सर्वांत कमी गुण आहेत, याचा अर्थ ज्या ८८.४० टक्क्यांच्या बळावर आपण तिला अभियंता ठरवले, त्या टक्क्यांत तिचे गणित मोजलेलेच नाही. हे वाचून आपण नाराज होऊ नये. टक्केवारी हातात आली की तिच्या आत डोकावायचे राहून जाते, हे मी दर जून महिन्यात पाहतो. अर्थात ७१ गुण म्हणजे गणित येत नाही, असेही नव्हे. ते बीजगणितात गेले की भूमितीत, लेखी परीक्षेत गेले की अंतर्गत गुणांत, हे तिच्याशी बोलून समजून घ्यावे. अकरावीच्या गणितात त्रिकोणमितीचे राज्य असते, त्यामुळे भूमितीत गुण गेले असतील तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

आता मुलीच्या बाजूची त्रुटीही सांगितली पाहिजे. कृषी पदवीसाठी गणित सोडावे लागते, असा तिचा समज असेल तर तो चुकीचा आहे. महाराष्ट्रात बी.एस्सी. कृषीचा प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि त्यासाठी पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र असलेला गट) आणि पीसीएम हे दोन्ही गट चालतात. उलट कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.ला गणित लागतेच. तिला बागेतल्या केवडा आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगांचा अभ्यास करायचा असेल तर जीवशास्त्र तिच्या उपयोगाचे आहे, यात शंका नाही. पण बागेचे ठिबक, शीतगृह, प्रतवारीची यंत्रे यांकडे तिचे मन उद्या वळले तर गणिताशिवाय ती अडेल. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीचे काम चालते. शेती म्हणजे केवळ बाग नव्हे, हे तिथे डोळ्यांनी दिसते. तिला एकदा तिथे घेऊन जाता आले तर जरूर न्यावे.

दोन विषयांत एक असमानता आहे आणि ती पालकांना ठाऊक असायला हवी. पीसीएम घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्याला पुढे वैद्यकीयकडे वळायचे असेल, तर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण होऊन ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. गणिताच्या बाबतीत कागदावरच्या नियमापेक्षा मोठी अडचण विषयाच्या स्वभावात आहे. गणित साखळीचा विषय आहे. दोन वर्षे कड्या तुटल्या की त्या पुन्हा एकट्याने जोडणे फार थोड्यांना जमते. गणित नसेल तर अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र यांचा नेहमीचा रस्ता मिटतो, तसेच एनडीएतील हवाई दल आणि नौदल. औषधनिर्माणशास्त्राला मात्र गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी काहीही चालते. नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद हे जीवशास्त्राच्या बाजूचे रस्ते आहेत. आणि विधी किंवा सीए यांना शाखेची अट नाही.

आपल्या पत्नींचे दोन्ही दारांचे म्हणणे मला बरेचसे पटते, पण त्याची किंमत तासांत मोजून मगच मान्य करावे. सीईटीत पीसीएम गटाला गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण गणिताचे. पीसीबी गटाला जीवशास्त्राचे १०० प्रश्न, म्हणजे तिथेही निम्मे गुण एकाच विषयाचे. दोन्ही गटांच्या परीक्षा वेगवेगळ्या असतात. चारही विषय घेणाऱ्याने दोन्ही परीक्षांत चमकावे, अशी अपेक्षा ठेवली तर मूल दोन्हीकडे अर्धेच पोचते. चार विषय घ्यायचे, पण जोर एकाच गटावर द्यायचा आणि दुसरा विषय बोर्डापुरता नीट सांभाळायचा, असे घरात आधीच ठरले असेल तर ही निवड चांगली ठरते. ते ठरले नसेल तर दुसऱ्या दारातून रोज टोमणेच आत येतात.

आता आपला मूळ प्रश्न. काही वर्षांपूर्वी एक सुशिक्षित दांपत्य माझ्याकडे आले होते. त्यांनी मुलीला दहावीनंतर सांगितले होते, «तुला हवे ते घे, आम्ही मध्ये येणार नाही.» तिने मैत्रिणीने सोडले म्हणून गणित सोडले. बारावीत असताना तिला आर्किटेक्ट व्हावेसे वाटू लागले आणि तेव्हा कळले की त्या पदवीला गणित सक्तीचे आहे. ती मुलगी मला म्हणाली, «कुणीतरी मला हे आधी सांगायला हवे होते.» तिच्या आईवडिलांनी आपल्यासारखी जबरदस्ती केली नव्हती, तरी त्यांचे कर्तव्य राहूनच गेले होते, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला कोणत्या विषयामुळे पुढे काय मिटते, हे आपोआप कळत नाही. ते शोधून तिच्यापुढे मांडणे हे पालकांचे काम. खर्च किती झेपेल, वसतिगृहात ठेवायचे की नाही, दोन वर्षांत किती क्लास लावता येतील, हे ठरवण्याचा अधिकारही पालकांचाच, आणि तो लपवून न ठेवता आकड्यांसह सांगावा. मात्र जे पुस्तक रोज रात्री तिला उघडायचे आहे ते कोणते असावे, हे तिने ठरवावे. ही रेघ मला अनेक घरे पाहून सापडली आहे आणि ती प्रत्येक वेळी सरळ जातेच असे नाही.

आपण पत्रात ओझरत्या शब्दांत लिहिले आहे की कारखान्यात दोन वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आलेले पदवीधर अभियंते आज आपले साहेब झाले आहेत. माझ्या मते आपल्या आग्रहाचे खरे कारण हेच आहे, आणि ते अजिबात चुकीचे नाही. पण मुलीने ते कधी ऐकले आहे का? तिने ऐकला तो फक्त निर्णय. एखाद्या रविवारी आपण तिला कारखान्यात कोण काय शिकून आले, कोणाला बढती मिळाली, कोण अडकले आणि का, हे सविस्तर सांगावे. आणि ते सांगून झाल्यावर तिची ती रोगांची वही मागून, मध्ये न बोलता, पूर्ण पाहावी.

त्यानंतरचे पंधरा दिवस पुस्तकांना द्यावेत. बालभारतीची अकरावीची पुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. गणिताच्या पहिल्या भागातील कोन आणि त्रिकोणमितीची सुरुवातीची दोन प्रकरणे आणि जीवशास्त्राची पहिली दोन प्रकरणे तिने स्वतः, शिकवणीशिवाय वाचावीत, उदाहरणे सोडवावीत आणि कुठे अडले ते लिहून ठेवावे. सोबत भौतिकशास्त्राचे दुसरे प्रकरणही तिला दाखवावे. त्यात सदिश आणि कलनशास्त्राची तोंडओळख आहे, म्हणजे विषय म्हणून गणित सोडले तरी भौतिकशास्त्राच्या दारातून ते परत येते, हे तिला आधीच कळेल. अवघड जाणे आणि नकोसे वाटणे यांतला फरक अशा वाचनात बराचसा उघड होतो.

माझे मत विचाराल तर जीवशास्त्र निश्चित घ्यावे, आणि या पंधरा दिवसांत गणित केवळ अवघड वाटले, नकोसे झाले नाही, तर तेही ठेवावे, मात्र सीईटीचा जोर पीसीबीवर. हे मत तिला माझे म्हणून वाचून दाखवावे, आपले म्हणून नव्हे. आणि सर्व ऐकून, वाचूनही ती गणित नको म्हणाली, तर विषयांच्या अर्जावर पालकाची सही आपण मनात अढी न ठेवता करावी.

इंटिग्रेटेडच्या बॅचविषयी शेवटचे. ती बॅच जेईई या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेसाठी असेल तर तिचा आपल्या मुलीच्या वाटेशी संबंध फार थोडा आहे. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, त्यात सुमारे २० टक्के भार अकरावीचा आणि उरलेला बारावीचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शिवाय अशा व्यवस्थेत महाविद्यालयातील हजेरी आणि प्रयोगशाळा पुष्कळदा नावापुरत्या उरतात, आणि ज्या मुलीला पानांवरचे डाग पाहायला आवडतात तिच्यासाठी सूक्ष्मदर्शकापुढचे ते तास सोडण्याजोगे नाहीत. पावती घेऊन क्लासच्या कार्यालयात जावे, रक्कम परत मागावी किंवा सीईटीच्या बॅचकडे वळवून मागावी. त्यांनी नकार दिला तर ते वीस हजार गेले असे समजावे. केवळ ते वाचवण्यासाठी उरलेले शुल्क भरू नये, आणि त्या पैशांची आठवण मुलीला करून देऊ नये, कारण ते तिला विचारून भरलेले नव्हते.

आपला,
करिअर मार्गदर्शक